तीन पावसाळ्यांची नोंद

खापरगावात पुंजाराम तिघं. एक गिरणीवाला, एक पोलीस पाटलाचा भाऊ आणि एक पाऊस मोजणारा. ही हकीकत त्या तिसऱ्याची.

गाव केदारखेड्याच्या पलीकडं, पूर्णेच्या काठाला. जमीन काळी आणि सपाट, नजर टाकावी तिकडं उघडंबोडकं रान. एक्क्याण्णव साली खात्याचा एक साहेब शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवायला आला. रोज सकाळी बरोबर साडेआठला येऊन नोंद करील असा, दहावी शिकलेला, मनगटावर घड्याळ असलेला माणूस त्याला हवा होता. दोघं पुढं झाले, पुंजाराम आणि त्याचा बांधशेजारी कडूबा. साहेबानं दोघांना दशांशाची एक बेरीज घातली. कडूबाचं टिंब एक घर सरकलं आणि काम पुंजारामला मिळालं. कडूबानं ते टिंब मनातून कधी जाऊ दिलं नाही.

मानधन म्हणजे चहापाण्याचा खर्च. पण मान मोठा होता. मृग लागला की माणसं त्याच्या ओट्यावर येऊन बसायची. किती झाला, पेरावं का, अजून थांबावं का, सगळं त्याला विचारायची. तोही मिलिमीटरचा आकडा सांगताना टिंबानंतरचा अंक गाळत नसे. "अठरा पूर्णांक दोन," तो म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याला त्या पूर्णांक दोनचाच जास्त भरवसा वाटायचा.

पहिल्याच वर्षी, नोंदी सुरू व्हायच्या आधी, खात्यानं त्याला तीन दिवस शिकायला नाशिकला नेलं होतं. त्यातल्या एका दिवशी सगळ्यांना गाडीत घालून इगतपुरीला नेलं. जुलै महिना होता. तिथल्या मापकातली बाटली संध्याकाळपर्यंत दोनदा भरली. खापरगावात जुलैचा अख्खा महिना मिळून जेवढा पडायचा, त्याहून जास्त तिथं एका दिवसात सांडला. शिकवणारे मास्तर भिजतच बोलत होते. समुद्रावरून पाणी घेऊन आलेला वारा घाटाला धडकतो, वर चढतो, वर गेला की गारठतो, आणि गारठलेल्या हवेला पाणी धरवत नाही, म्हणून ती ते तिथंच टाकते. घाट ओलांडून खाली उतरला की तोच वारा तापतो आणि कोरडा होतो. "मराठवाड्यापर्यंत वारा पोचतो," मास्तर पुंजारामकडं बघून म्हणाले, "पण हात झटकून." हे वाक्य पुंजारामनं गावात कितीजणांना ऐकवलं, त्याची गणती नाही.

पुढं त्याला कळलं की असले डोंगर जवळही असतात. धावडा हे त्यांच्याच भोकरदन तालुक्यातलं गाव, पण उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिथं भिवा नावाचा माणूस पाऊस मोजायचा. दोघांची गाठ नाशिकलाच पडली होती. वर्षाच्या शेवटी दोघं आपापल्या वह्या ताडून बघायचे आणि दर वर्षी भिवाचा आकडा मोठा निघायचा. मधलं अंतर पंचेचाळीस किलोमीटर. पण तिकडं डोंगर ढगाला थोडा उचलायचा आणि धावड्यावर रिकामा करायचा. खापरगावावरून तेच ढग नुसती सावली टाकून जायचे.

अठरा वर्षं एक दिवस चुकला नाही, असं पुंजाराम सांगायचा. मग मीनाचं शिक्षण आलं.

मीना त्याची एकुलती मुलगी. तिला जालन्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तीन वर्षांचा कोर्स. पोरीला शहरात एकटं ठेवायचं पुंजारामच्या जिवाला पटेना. त्यानं जुना जालन्यात एक खोली घेतली आणि तिथल्याच राधेश्याम शेठच्या धान्याच्या दुकानात काट्यावर उभा राहिला. बायको साळूबाई शेत सांभाळायला गावात राहिली. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहिल्या बसनं जायचा.

मापकाचं काय करायचं, हा प्रश्न होताच. सरळ वाट अशी होती की खात्याला अर्ज द्यावा आणि काम सोडावं. पण सोडलं की ते कडूबाकडं जाणार. ओटा त्याचा होणार, पूर्णांक दोन त्याचं होणार. साळूबाईला अक्षरओळख नव्हती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पुंजारामनं दुकानाबाहेर उभं राहून भिवाला फोन लावला.

"भिवा, तिकडं किती झाला रे?"

"बावीस पूर्णांक चार. तुह्याकडं?"

"इकडं बी तसाच. जरासा कमी."

रविवारी त्यानं वही काढली आणि त्या तारखेपुढं वीस पूर्णांक सहा लिहिलं. टिंबसुद्धा नेहमीसारखंच नेमकं जागेवर दिलं. पुढं जेव्हा जेव्हा त्याला तो दिवस आठवला, तेव्हा हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपली.

गावात कुणी विचारलंच, तर तो सांगायचा की बाटलीत पाणी जमा होतं आणि मी आलो की मोजतो. हे अर्धं खरं होतं. बाटलीत आठवड्याचं पाणी खरंच साचलेलं असायचं. ते मोजलं असतं तर रोजचा नाही तरी आठवड्याचा खरा आकडा हाती आला असता. पण मोजलं की वहीत लिहिलेलं खोटं ठरणार. म्हणून दर रविवारी सकाळी तो बाटली उचलायचा, तिच्याकडं न बघता पाणी बाजूच्या बोरीच्या बुडाशी ओतायचा आणि बाटली जागेवर ठेवायचा. असे तीन पावसाळे गेले, दोन हजार नऊ, दहा आणि अकरा.

अकराच्या पावसाळ्यात धावड्याला बऱ्यापैकी पाऊस झाला. खापरगावात पोळ्यानंतर आभाळानं तोंड फिरवलं. वहीत मात्र वर्षाची बेरीज सहाशे अडुसष्ट मिलिमीटर आली.

बाराच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरी तळाला गेल्या. बाया नदीच्या पात्रात झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. एप्रिलात एका सकाळी केशरबाई हंडा घेऊन पात्राची दरड चढताना घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. केशरबाई म्हणजे बौद्धवाड्यातल्या नागसेन मास्तरांची आई. नागसेन गावच्याच शाळेत शिकवायचे आणि मापकाच्या कुंपणाच्या तारा दर वर्षी स्वतःच्या हातानं आवळायचे. आईला घेऊन ते जालन्याला आले, आणि पुंजाराम दुकानातून सुटून दवाखान्यात गेला.

व्हरांड्यात नागसेन भिंतीला टेकून उभे होते. "दोनदा टँकर मागायला गेल्तो, काका," ते म्हणाले. "केदारखेड्याच्या बाजूला दोन गावांना मिळाला. आपल्याला म्हणले, तुमच्या गावचा पाऊस चांगला झाल्याची नोंद हाय. मी म्हणलं, झाला न्हाई साहेब. तर म्हणले, नोंद तुमच्याच माणसाची हाय ना."

टँकर नक्की त्या आकड्यांमुळंच अडला असं कुणी छातीठोक सांगू शकलं नसतं. विहिरी बघायला कुणी आलं नाही, कागद कुठंतरी पडून राहिला, अशी दहा कारणं असू शकत होती. ती दहाही कारणं पुंजारामनं त्या व्हरांड्यातच मनात मोजली आणि त्यातलं एकही त्याला पुरलं नाही. आत मीना केशरबाईच्या उशाशी बसली होती. तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. पुंजारामनं तिला वसतिगृहात ठेवलं, शेठला राम राम केला आणि आठ दिवसांत गाव गाठलं.

त्या जूनपासून तो असा काटेकोर झाला की लोक हसायचे. साडेआठला पाच मिनिटं असताना मापकाजवळ उभा. नागसेनांची मुलगी साक्षी तेव्हा बारा वर्षांची होती. ती शाळेच्या आधी येऊन कुंपणाला टेकायची. त्यानं तिला आत घेतलं, मोजपात्र हातात दिलं. "डोळा पाण्याच्या बराबर आण. वरून पाहिलं तर जास्त दिसतं, खालून पाहिलं तर कमी." पाऊस नसेल त्या दिवशी ती म्हणायची, आज काय लिहायचं, काहीच नाही पडला. तो म्हणायचा, "शून्य लिही. जागा मोकळी सोडायची न्हाई. मोकळी सोडली तर उद्या कुणी बी काही बी भरंल." पोरीला वाटायचं, बाबांइतका सच्चा माणूस नाही. ती त्याला बाबाच म्हणायची, आणि ते ऐकताना त्याला दर वेळी मान खाली घालावीशी वाटायची.

एकोणीस साली आपोआप मोजणारं यंत्र आलं. पुंजारामचं काम थांबलं आणि वह्यांच्या प्रती घरात पत्र्याच्या पेटीत गेल्या.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात साक्षी सुट्टीवर गावी आली, ती सरळ त्याच्या ओट्यावर. आता ती संभाजीनगरला भूगोलात पीएच.डी. करत होती. विषय होता जालना जिल्ह्यातल्या पावसातला फरक, एका तालुक्यात इकडं इतका आणि तिकडं इतका का. त्यासाठी पुंजारामच्या अठ्ठावीस वर्षांच्या वह्या तिनं आधीच्या उन्हाळ्यात नेल्या होत्या. त्यानं पेटी उघडून दिली तेव्हा त्या तीन वर्षांच्या वह्या वेगळ्या काढाव्यात असं त्याच्या मनात आलं होतं. मीना पुण्याहून आली होती, घरात माणसं होती, ते राहून गेलं. असं तो स्वतःला सांगायचा.

साक्षीनं लॅपटॉप उघडला. "बाबा, ही निळी रेघ धावड्याची. ही तांबडी आपली. बघा, एक्क्याण्णवपासून तांबडी कायम खाली. तुम्ही सांगायचात ना, डोंगर ढग उचलतो. आता हे तीन पावसाळे बघा."

पुंजारामला बघायची गरज नव्हती.

"दोन्ही रेघा एकमेकींना चिकटल्यात. असं पुन्हा कधीच झालेलं नाही. सर म्हणतात, हाच माझ्या प्रबंधातला सगळ्यात नवा भाग आहे. आपल्याकडं दोन समुद्रांचा पाऊस येतो, एक अरबी समुद्राचा, पश्चिमेकडून, घाटावर अर्धा रिकामा होऊन येणारा. दुसरा बंगालच्या उपसागराकडून. मला वाटतं, त्या तीन वर्षांत पूर्वेकडचा वारा जास्त चालला असणार. त्याला आपला डोंगर तसा आडवा येत नाही, म्हणून डोंगराजवळ आणि सपाटीवर सारखाच पाऊस पडला. चार महिने मी वाऱ्याचीच माहिती गोळा करून राह्यले. पूर्ण जुळत नाही अजून, पण जुळेल. जानेवारीत पुण्याच्या परिषदेत वाचायचा आहे हा भाग." मग तिनं एक पान उघडलं. "आणि हे वाचा. ऋणनिर्देश. तुमचं नाव पहिलं आहे, पप्पांच्याही आधी."

साळूबाईनं चहा आणला. साक्षी चहा पिऊन, साळूबाईच्या गुडघ्याची चौकशी करून गेली. पुंजारामचा कप तसाच राहिला. साळूबाई तो उचलायला वाकली आणि वाकलेलीच म्हणाली, "सांगितलं का तिला?"

"काय?"

"तुम्ही रविवारी एका बैठकीत आठवडा लिहायचे, ते."

"तुला माहीत व्हतं?"

"मला वाचता येत न्हाई, पण दिसतं तर," साळूबाई म्हणाली. "बाटलीत चार बोटं पाणी असायचं. ते बोरीला ओतून तुम्ही रकानेच्या रकाने भरायचे. मला वाटलं, केशरबाईचं झालं तेव्हा तुम्ही सांगाल. मंग वाटलं, आता सांगाल, मंग सांगाल. तुम्हाला विचारायची माझी बी हिंमत झाली न्हाई. ते पाप माझ्या बी वाट्याला हाय."

आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. शेतात गेला की हरभऱ्याच्या ओळी वहीच्या रकान्यांसारख्या दिसायच्या. साक्षी रस्त्यात भेटायची, दुरून हात करायची. तिला सांगायचं तर कुठून सुरू करायचं? नववा दिवस उजाडला तसा तो बसमध्ये बसला आणि भोकरदनला बदलून धावड्याला गेला. भिवाला भेटायचं, एवढंच साळूबाईला सांगितलं. खरं तर त्याला असा एक माणूस हवा होता जो म्हणेल, राहू दे, सांगू नको.

भोकरदन सुटलं तसा रस्ता हळूहळू चढू लागला. खिडकीतून येणारी हवा निवत गेली. खापरगावात गवत कधीच वाळून पांढरं पडलं होतं. इथं बांधावर अजून हिरवं होतं, ओढ्याला पाणी वाहत होतं, आणि समोर अजिंठ्याचा डोंगर आडवा पसरला होता. तीस वर्षं त्यानं ह्या डोंगराचं नाव घेऊन लोकांना फरक समजावला होता. बस थांबली तेव्हा त्याला वाटलं, डोळे उघडे असलेल्या कुणालाही ह्या रस्त्यानं दोन तास बसवलं तरी कळेल की इथला पाऊस तिथं लिहिता येत नाही.

भिवा घरीच होता. म्हातारपणी जाड झाला होता. पुंजारामनं बसल्या बसल्या सगळं सांगितलं. भिवानं सुपारी कातरून तोंडात टाकली.

"म्हंजे तू माहेच आकडे लिहीत व्हता," तो म्हणाला. "मला वाटायचं, तू ताडून पाहायला फोन करून राह्यला. मला बरं वाटायचं, दोस्त रोज आठवण काढतो म्हणून."

"चुकलं माझं."

"चुकलं तर चुकलं. तेरा-चौदा साल झाले. आता कोण उकरून पाहतंय? पोरीला डिगरी मिळून जाऊ दे जल्दी. तू बोलला तर तिचं बी वाटोळं, तुहं बी."

हेच ऐकायला तो पंचेचाळीस किलोमीटर आला होता. ते ऐकलं, आणि ऐकल्याबरोबर त्याला कळलं की ह्याचा काही उपयोग नाही. पोरगी पुण्याला शे-दोनशे शिकलेल्या माणसांसमोर उभी राहणार आणि त्याच्या खोट्याला वाऱ्याचं कारण देणार. पुढं कुणी शहाणा ते पकडील, तेव्हा लबाड ती ठरेल. परतीची बस मिळेपर्यंत तो स्टँडवर उभा राहिला. भिवानं दिलेली सीताफळं त्यानं तिथंच बाकावर ठेवली, न्यायचं मन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नागसेनांच्या घरी गेला. रविवार होता. नागसेन अंगणात वर्तमानपत्र वाचत होते, त्यांच्या पत्नी उषाबाई शेंगा फोडत होत्या, साक्षी पायरीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. केशरबाई खाटेवर उन्हाला बसली होती, खाटेला तिचा चौपायी वॉकर टेकवलेला. नागसेन उठून खुर्ची द्यायला लागले. पुंजाराम बसला नाही.

"साक्षी, ते तीन पावसाळे काढून टाक," तो म्हणाला. "ते खोटे हायत. मी जालन्याला व्हतो. भिवाला फोन करून त्याचा आकडा घ्यायचो अन् थोडा कमी करून लिहायचो. वारा-बिरा काही न्हाई त्यात. तो धावड्याचाच पाऊस हाय."

उषाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. साक्षीनं लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला आणि पेन घेतलं.

"कोणत्या तारखेपासून?"

"नऊ सालचा जून. बारा तारीख असंल."

"कोणत्या तारखेपर्यंत?"

"अकराचा सप्टेंबर पुरा. नंतर पाऊसच न्हाई झाला."

"रविवारचे?"

"रविवारी मी गावातच असायचो. पण बाटलीत आठवड्याचं साचलेलं असायचं, ते न मोजताच ओतून टाकायचो, म्हणून ते बी धरू नको."

ती लिहीत गेली. तिचा आवाज एकदाही चढला नाही. सगळं लिहून झाल्यावर तिनं पेनचं टोपण लावलं. "म्हणजे चार महिने मी धावड्याचा पाऊस धावड्याशीच जुळवत होते," ती म्हणाली. "आणि उन्हाळ्यात वह्या देताना तुम्ही मला काही बोलला नाहीत. त्या दिवशी चहा पितानाही नाही."

"न्हाई बोललो."

नागसेनांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा घातली. "काका, मी दवाखान्यात तुम्हाला टँकरचं सांगितलं व्हतं," ते म्हणाले.

"सांगितलं व्हतं."

"तेव्हा तुम्हाला माहीत व्हतं."

पुंजारामनं होय म्हणून मान हलवली. नागसेन उठून घरात गेले आणि दार नुसतं लोटून घेतलं. मग खाटेवरून केशरबाई बोलली. ती कुणाकडं बघत नव्हती.

"मी त्या साली सगळ्यांला सांगत व्हते, पाऊस न्हाई झाला. ज्वारी पोटऱ्यात वाळली, म्हणलं, पाऊस कुठं झाला. लोक म्हणायचे, नोंद हाय म्हातारे, चांगला झाला. माझं पोरगं मास्तर, ते बी दोनदा साहेबाकडून तेच ऐकून आलं. मला वाटलं, माझंच डोकं फिरून राह्यलं. म्हातारपण आलं, म्हणून आपल्याला पाऊस आठवंना." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हाड मोडलं ते मोडलं. पण चौदा वर्षं मला असं वाटत व्हतं, पुंजाराम."

खुब्याचं पाप त्यानं मनात हजार वेळा आपल्या माथी धरलं होतं. हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"झाला व्हता का न्हाई, ते सांग," केशरबाई म्हणाली.

"न्हाई झाला, मावशी. साळूनं पाह्यलं, बाटलीत चार बोटंच पाणी असायचं."

"मंग ते गावात सांग. मला एकटीला सांगून काय व्हतं."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत त्यानं ते सांगितलं. कागदावर लिहून आणलं होतं, पण दुसऱ्याच ओळीत कागद घडी करून खिशात घातला आणि तोंडानं बोलला. टँकर त्याच्यामुळंच अडला असं तो म्हणाला नाही आणि अडला नाही असंही म्हणाला नाही. पाऊस पडला नसताना पडला असं मी लिहिलं, एवढं म्हणाला. मागच्या बाजूला बायांमध्ये गिरिजाबाई बसली होती. ती उठली. "आमचे तीन महिने त्या झिऱ्यावर गेले," ती म्हणाली, "लेकरं घरी टाकून. त्याचं काय?" सभेत घरकुलाचा विषय निघाला, मग नाल्यांचा निघाला, आणि सभा उठेपर्यंत तो उभाच राहिला. कडूबाही होता. तो जाताना पुंजारामजवळ थांबला, काहीतरी म्हणेल असं वाटलं, पण नुसता चपला घालून गेला.

साक्षीनं परिषदेतला आपला भाग मागे घेतला. सरांना खरं काय ते कळवलं. पुंजारामकडून तिनं सगळं त्याच्या हातानं लिहून, तारखेनिशी सही करून घेतलं, आणि मग एक काम सांगितलं. अठ्ठावीस वर्षांच्या वह्या परत त्याच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, "ज्या दिवशी तुम्ही स्वतः मोजलं नाही, किंवा आता आठवत नाही, तिथं पेन्सिलीनं फुली मारा. मला एकही दिवस उगाच खरा नको."

फेब्रुवारी आणि मार्च तो ओट्यावर वह्या घेऊन बसला. आधीच्या अठरा वर्षांत फुली पडणार नाही, असं त्याला वाटत होतं. चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्याला भावजयीच्या मयताचे तीन दिवस सापडले. नव्याण्णवमध्ये हिवतापाचे चार. साळूबाई जवळ बसून आठवण द्यायची, "त्या दिवशी आपण केदारखेड्याला लग्नाला गेल्तो," आणि तो वाद न घालता फुली मारायचा. सगळ्या मिळून अकरा झाल्या. अकरा दिवस तो अठरा वर्षं विसरला होता.

वह्या घ्यायला साक्षी आली तेव्हा ती ओट्यावर बसली नाही, पण पाणी घेतलं. फुल्या चाळून झाल्यावर म्हणाली, "ते तीन पावसाळे काढल्यावर फरक आणखी ठळक निघतोय. धावड्यापेक्षा आपल्याकडं जवळजवळ तिसरा हिस्सा कमी. आणि नुसता डोंगर नाही. इथली जमीन उघडी, झाड नाही, दिवसा तापते तशी वर चढणारी हवा पण कोरडीच असते. तेही बघतेय आता."

"मंग काम थांबलं न्हाई तुझं," तो म्हणाला.

"थांबलं नाही. पण त्या तीन वर्षांत इथं नक्की किती पडला, ते आता कुणालाच कळणार नाही, बाबा. त्याच वर्षांत कमी पाऊस कसा वागतो हे बघता आलं असतं." चिडून नव्हे, हिशोब सांगावा तसं ती बोलली. तिनं बाबा म्हटलं, ह्याचं त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

नागसेन अजून त्याच्या ओट्यावर येत नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार करतात, तेवढाच. केशरबाईच्या अंगणात साक्षीनं एक छोटं मापक लावलंय, उषाबाई ते वाचतात आणि म्हातारी खाटेवरून विचारते, किती. पुंजाराम तिकडून जाताना थांबत नाही. गेल्या महिन्यात साक्षीनं प्रबंधाची छापलेली प्रत साळूबाईला दाखवायला आणली. पुंजारामनं चष्मा लावून मागचा तक्ता उघडला. वर्षापुढं वर्ष, आकड्यापुढं आकडा, अकरा जागी बारीक खुणा, आणि नऊ, दहा, अकरा ह्या सालांपुढं नुसत्या आडव्या रेघा. त्यानं त्या तीन ओळींवरून एकदा बोट फिरवलं आणि पुस्तक मिटून पोरीच्या हातात दिलं.